ग्रहणातल्या कैऱ्या आणि माझी डावी चप्पल

ज्यांना नागपूर-मुंबईच्या डॉक्टरांनी "मणक्यात जन्मतःच दोष आहे" असं सांगितलंय आणि जे त्या दिवसापासून नीट जेवलेले नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आधी जेवून घ्या. मग वाचा.

चप्पल मागे राहिली

आमचं मालेगाव म्हणजे वाशीमच्या रस्त्यावरचं. नाशकाकडचं नव्हे, हे मला आयुष्यभर सांगावं लागलंय. आता ते वाशीम जिल्ह्यात आहे, तेव्हा अकोल्यात होतं. १९७६ साल. मी मॅट्रिकचे पेपर देऊन मोकळी झाले होते आणि चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत आम्हा पोरींचं लेझीम पहिल्यांदाच निघालं होतं. शिट्टी माझ्या तोंडात होती, त्यामुळे सगळी मिरवणूक मीच चालवते आहे असं मला वाटत होतं. बसस्टँडचं वळण झालं, तेवढ्यात माझी माय गर्दीतून वाट काढत आली. तिच्या हातात एक चप्पल होती.

"हे कोनाची हाय?"

"माहीच दिसते वं माय."

"मंग तुह्या पायात काय हाय?"

मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा उघडा. दुपारचा डांबरी रस्ता, चटका बसून माणूस उड्या मारेल असा, आणि मला काही म्हणता काही कळलं नव्हतं. चप्पल दहा घरं मागे पडली होती. तळपायाला फोड आला होता, तोही मला मायनंच दाखवला.

तशी ती चप्पल वर्षभर निसटत होती. मी चांभाराला बोल लावत होते, चपलेला लावत होते. डावा पाय उजव्यापेक्षा बारीक झालाय हे न्हाताना दिसत होतं, पण म्हटलं असेल. आणखी एक गोष्ट होती, ती तर कोणालाच सांगितली नव्हती. लघवी लागल्याचं उशिरा कळायचं, कधी धाप लागेस्तोवर पळावं लागायचं, कधी पळूनही उपयोग व्हायचा नाही. अठराव्या वर्षी हे कोणाला सांगायचं? तुमच्यापैकी कोणी आत्ता हेच लपवून बसलं असेल तर उद्या डॉक्टरला सांगा. लाज वाटेल, मला माहीत आहे. ती दोन मिनिटांत जाते.

पाठीवरचा गोंडा

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझ्या पाठीवर, कमरेच्या खाली, जन्मापासून केसांचा एक झुपका होता. माय त्याला गोंडा म्हणायची. दुसऱ्या कोणाला तो दिसू नये म्हणून मी मोठी होईपर्यंत तिनं मला स्वतः न्हाऊ घातलं, आणि पाठ चोळताना दर वेळी एकच वाक्य म्हटलं, "ग्रहनाची खून हाय बाई."

ती कथा अशी. माझे बाबा बाजार समितीत मापारी होते, म्हणजे शेतकऱ्यांचं धान्य तोलून द्यायचं काम. १९५६ साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव, दोरे, ताईत सगळं बाहेर काढलं. आमच्या आळीत तेव्हा सगळ्यांनीच ते केलं. पण बाबांचं समाधान तेवढ्यावर होत नव्हतं. पुढं दोनेक वर्षांनी मायला माझ्या वेळचे दिवस गेले, सातवा महिना लागला आणि सूर्यग्रहण आलं. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरू नये, कापू नये, मूल व्यंगाचं होतं, असं आमच्याकडे लहान पोरसुद्धा सांगेल. बाबांनी काय करावं? अंगणात पाट मांडला, त्यावर विळी ठेवली, समोर कैऱ्यांची टोपली ओतली आणि सगळ्या आळीसमोर मायला सांगितलं, "चिर. पाहू काय होते ते."

मायनं चिरल्या. मायची हिंमत म्हणा, नाहीतर नवऱ्याची जिद्द म्हणा. बाबा शेजारी बसून तिखटमीठ लावून फोडी खात होते आणि बघायला आलेल्यांना देत होते. कोणी घेतल्या नाहीत.

दोन महिन्यांनी मी झाले. हातपाय धड, नाकडोळे धड. बाबांनी माझं नाव सुजाता ठेवलं आणि गावभर पेढे वाटले. गोंडा मायनं आणि दाईनं पाहिला आणि दोघी गप्प बसल्या. बाबांना तो दिसला तेव्हा तेही गप्प बसले. मात्र त्यानंतर दर ग्रहणाला बाबा मुद्दाम बाजारात उभे राहून भजी खायचे. मालेगावात त्यांचं नावच पडलं होतं, ग्रहणात भजे खाणारा मापारी.

निदान

वाशीमच्या डॉक्टरनं पाय पाहिला, गुडघ्याखाली हातोडी मारली आणि मग एकदम म्हणाला, "पाठ दाखव." त्याला कसं कळलं हे मला तेव्हा जादूसारखं वाटलं. गोंडा बघून त्यानं बाबांकडे पाहिलं आणि नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. एस.टी.त माय खिडकीशी बसली होती. अकोला येईपर्यंत ती बाहेरच बघत होती. अकोल्याला उतरताना बाबांना एवढंच म्हणाली, "म्या मनत नव्हती?"

बाबा नागपूरच्या गाडीची चौकशी करायला निघून गेले. वादाला पाठ दाखवणारे बाबा मी पहिल्यांदाच पाहिले.

नागपूरला एक्स-रे झाले, पाठीत सुई घालून रंग सोडला, पुन्हा एक्स-रे झाले. ती सुई दुखते, खोटं सांगत नाही. पण मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की नर्स म्हणाली, "अजून टोचली नाही, बाई." मग दोघी हसलो आणि टोचली तेव्हा ओरडायचं राहूनच गेलं.

वॉर्डात सगळे ज्यांना "मोठे डॉक्टर" म्हणायचे, त्यांनी आम्हा तिघांना बोलावलं. उंच, पिकल्या केसांचे, हळू बोलणारे. त्यांनी सांगितलं, तुझ्या मणक्याची मागची बाजू जन्मतः एका ठिकाणी मिटलेलीच नाही, आणि आत हाडाचा एक सुळका उगवला आहे. तो मज्जारज्जूच्या मधोमध खुंट्यासारखा उभा आहे. तू लहान होतीस तोवर चाललं. उंची वाढली तशी मज्जारज्जू त्या खुंट्याला अडकून ताणली जाते आहे. म्हणून पाय, म्हणून लघवी. सुळका काढला तर इथून पुढं वाईट होणार नाही. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही. नाही काढला तर दुसरा पायही जाईल.

आणि त्यांनी बाबांपुढे सहीचा कागद सरकवला.

बाबा म्हणाले, "उद्या करतो."

वॉर्ड

आमच्या वॉर्डात सकाळी झाडूचा आवाज, मग फिनेलचा वास, मग चहा. चहा एवढा पातळ की कपाचा तळ दिसायचा. माझ्या शेजारच्या खाटेवर वाशीमच्या हमीदाबी होत्या, नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान. त्यांच्या मानेतली गाठ काढली होती, मान वळत नव्हती, म्हणून त्या बोलायच्या छताकडे बघून.

"सुजाता, तू लाथ मारते का नींद में?"

"मले लाथच मारता येत नाही चाची, म्हणून त इथी आलो."

"अल्ला, मेरी गर्दन न्हाई वळत, तुझा पाय न्हाई उठत. दोघी मिळून एक बाई होते बघ."

आमच्या हसण्याला नर्स कंटाळली होती. आजारपणात हसायला शरम वाटते, लोक काय म्हणतील असं होतं. पण तेवढं अवलक्षण जरूर करावं. रडण्यापेक्षा हसताना पाठ कमी दुखते, हे माझं स्वतःचं संशोधन आहे.

बाबांचा उद्या मात्र उजाडत नव्हता. रोज भेटीच्या वेळी यायचे, खाटेच्या लोखंडावर हात ठेवून उभे राहायचे, सहीचं नाव काढलं की बाहेर जायचे. मायचं म्हणणं सरळ होतं. ग्रहणानं झालंय तर आधी ग्रहणाचं दान देऊ, मग कापाकापी. मला वाटायचं बाबा आता भडकतील, भाषण देतील. तसं काही होत नव्हतं.

ग्रहण पुन्हा आलं

आणि योग असा, की त्याच आठवड्यात पुन्हा सूर्यग्रहण आलं, उतरत्या दुपारचं. आमच्या वॉर्डात दुपारपासूनच बायकांनी पाणी बंद केलं, खिडक्यांना चादरी बांधल्या. हमीदाबींनी पडल्या पडल्या नमाज पढली. मी सगळ्यांची गंमत बघत होते, कारण मला माहीत होतं की भेटीच्या वेळी आमचे बाबा भज्यांचा पुडा घेऊन येतील आणि सगळ्यांसमोर खातील. नर्सला मी तसं सांगूनही ठेवलं होतं.

बाबा आले. हात रिकामे.

"बाबा, भजे?"

"भूक नाही वं बाई."

मायनं त्यांच्यासाठी डब्यात भाकर ठेवली होती, तिला त्यांनी हात लावला नाही. पाणीसुद्धा नको म्हणाले. ओठ कोरडे पडले होते. अठरा वर्षांत मी माझ्या बापाला ग्रहणात उपाशी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी मी जेवढी घाबरले तेवढी ऑपरेशनलाही घाबरले नाही. मला कळलं, की इतकी वर्षं बाजारात उभं राहून बाबा भजी खात होते ती भीती दाबायला. त्यांच्या मनानं निकाल केव्हाच लावला होता.

मायनंही ते पाहिलं. ती हळूच म्हणाली, "खाऊन घ्या न जी. तुमी कदी पाळलं?"

तेव्हा बाबा बोलले. सगळ्या वॉर्डासमोर, हळू आवाजात. "एकडाव म्या मोठेपना केला आन् तो ह्या लेकरानं भोगला. आता पुन्यांदा सही कोन्या तोंडानं करू? हेही चुकलं त?"

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगू, रागही आला. पाय माझा, पाठ माझी, आणि भांडण चाललंय कैऱ्यांचं.

करंजी

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर राऊंडला आले. मागे पाच-सहा शिकाऊ डॉक्टर. बाबांना मी मुद्दाम सकाळीच बोलावून घेतलं होतं. डॉक्टर माझ्या खाटेशी आले आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "साहेब, मी पोटात असताना मायनं ग्रहणात कैऱ्या चिरल्या. त्यानं हे झालं काय?"

एक शिकाऊ डॉक्टर हसला. मोठे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं, बसले आणि मायला विचारलं, "कितवा महिना होता?"

"सातवा जी. पोट हे एवढं."

"करंज्या करता ना तुम्ही? पारी लाटता, सारण भरता, दुमडून कड दाबता. कड एखाद्या ठिकाणी नीट दाबली गेली नाही तर?"

"फुटते. तेलात सारन येते."

"बाळाची पाठ तशीच होते. आधी एक चपटी पट्टी असते, तांदळाच्या दाण्याहून लहान. ती दोन्ही बाजूंनी उचलली जाते, दुमडते आणि कडा मिटतात. त्या नळीचा वरचा भाग मेंदू होतो, खालचा मज्जारज्जू. हिची कड एका ठिकाणी नीट मिटली नाही."

"मंग दाबनारा हात कोनाचा?" मायनं विचारलं. मला मायचा फार अभिमान वाटला. त्या शिकाऊ डॉक्टरांपैकी एकानंही हे विचारलं नसतं.

"हात नाही. हुकूम असतो. आईच्या बीजातून अर्धा, बापाच्या बीजातून अर्धा. त्याला जीन म्हणतात. अशा पुष्कळ हुकमांनी मिळून ठरतं, कुठं दुमडायचं, कधी मिटायचं, कुठं हाड व्हायचं, कुठं नस. त्यातला एखादा हुकूम कधी पोचत नाही, कधी उशिरा पोचतो. का, ते आम्हालाही अजून पुरतं ठाऊक नाही."

बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. मापाऱ्याचा आवाज निघाला, तोलून-मापून. "साहेब, हे मिटनं कोन्या महिन्यात होते?"

"पहिल्या. बहुतेक बायकांना तेव्हा दिवस गेल्याचं माहीतही नसतं. सातव्या महिन्यात हिची पाठ होऊन कितीतरी दिवस झाले होते."

"आन् कैऱ्या?"

"कैऱ्या आंबट असतील," डॉक्टर म्हणाले. "बाकी काही नाही."

बाबांनी टोपी काढली आणि तिच्यात तोंड घालून ते रडले. माझा बाप, जो बाजारात शंभर माणसांशी एकटा भांडायचा, तो वीस बायकांच्या वॉर्डात उभा राहून रडला आणि कोणी त्यांना गप्प केलं नाही. मग त्यांनी डोळे पुसले, माझ्या ताटलीतली उरलेली गार खिचडी उभ्याउभ्या संपवली आणि सहीचा कागद मागितला.

हमीदाबी छताकडे बघत म्हणाल्या, "मापारीसाब, अठरा साल का भूका था क्या?"

गोंडा गेला

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सनं वस्तऱ्यानं गोंडा काढला. माय बघायला उभी होती. एवढी वर्षं दार लावून जपलेली ती खूण कागदाच्या कपट्यावर चिमूटभर दिसत होती. माय वाकून बघत म्हणाली, "एवढासाच होता?" आणि कपटा स्वतः नेऊन टाकला.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, म्हणून सांगत नाही. शुद्धीवर आले तेव्हा पालथी होते आणि कोणीतरी माझ्या पाठीवर जातं ठेवलंय असं वाटत होतं. बरेच दिवस पालथंच ठेवतात, कुशीला वळवायचं तर चौघं मिळून लाकडाच्या ओंडक्यासारखं एकदम वळवतात. लघवीची नळी असते. त्या दिवसांत मी जगाला जमिनीवरूनच ओळखत होते. कोणाच्या चपला आल्या त्यावरून माणूस सांगायचे. बाबांची टाच झिजलेली, मायची जोडवी, मोठ्या डॉक्टरांचे काळे बूट.

एका सकाळी काळे बूट आले आणि म्हणाले, "डावा अंगठा हलव."

मी सगळा जीव त्या अंगठ्यात नेला. मला काही कळलं नाही. पण पायथ्याशी माय ओरडली, "हाल्ला! हाल्ला वं माय!" तिनं नर्सला मिठी मारली. नर्सच्या हातात भांडं होतं, त्याचं पुढं काय झालं ते मी सांगणार नाही.

नंतर

पाय पूर्ण आला नाही. हे साफ सांगते, नाहीतर माझं वाचून कोणी मोठी आशा धरेल. तळव्याची जाणीव अर्धीमुर्धी आली. लघवीचं बरंचसं सुधारलं. मुख्य म्हणजे तिथून पुढं बिघडलं नाही. मालेगावच्या आमच्या चांभारकाकांनी डाव्या चपलेला मागून पट्टा लावून दिला आणि ती कधी मागे राहिली नाही. लेझमाच्या रांगेत पुन्हा गेले नाही, पण शिट्टी माझ्याकडेच राहिली. पुढं मी डी.एड. केलं, शाळेत विज्ञान शिकवलं. पेशी आणि जनुकांचा धडा आला की करंजीपासून सुरुवात करायची. परीक्षेत पोरांनी "करंजी फुटते" असं लिहिलं तर मी मार्क देत होते.

आता तर दिवस राहण्याच्या आधीपासून बायकांना फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. त्या घ्या. बाळाच्या पाठीवर झुपका, खळगा, डाग दिसला तर लपवू नका, दाखवा. आणि कोणाला दोष देऊ नका. नवऱ्याला नको, सासूला नको, ग्रहणाला नको, स्वतःला तर मुळीच नको.

माझं लग्न झालं. दिवस गेले तेव्हा मी पुन्हा नागपूरला जाऊन त्याच डॉक्टरांना विचारलं. माझ्या बीजातला हुकूम बाळाला गेला तर? ते म्हणाले, भीती दुसऱ्यांपेक्षा थोडी जास्त, पण बहुतेक बाळं ठीकच होतात. जा, खा, पी. खाल्लं-प्यायलं, पण भीती होतीच. बाळंतपणाला माहेरी आले होते आणि काय सांगावं, पुन्हा ग्रहण. दुपारचं. सगळ्या मालेगावानं दारं लावून घेतली. शेजारची शांताबाई धावत आमच्याकडे आली. "पोरीले आत घ्या वं, भरल्या पोटाची हाय! काही चिरू-कापू देऊ नोका!"

मायनं पाट मांडला, विळी ठेवली आणि वांग्याची टोपली माझ्यासमोर ओतली.

"चिर बाई," ती म्हणाली. मग शांताबाईकडे वळली. "ग्रहनात काही होत नाही. म्या चिरून पाह्यलं हाय. हे पाह्य, समोरच बसली हाय."

बाबा भजी आणायला बाजारात गेले होते. एकही दुकान उघडं नव्हतं म्हणून चिडून परत आले आणि स्वतःच बेसन कालवायला बसले. शांताबाईनं आमच्याकडे पाहिलं आणि एक भजं खाल्लं. घरी सांगू नका म्हणाली.

दोन महिन्यांनी मला मुलगी झाली. सुईणीनं ती मायच्या हातात दिली. मायनं मुलगा की मुलगी पाहिलं नाही, तोंड पाहिलं नाही. आधी तिला हातावर पालथी घातली आणि मानेपासून खालपर्यंत पाठीवरून बोट फिरवलं. पाठ सपाट, कोरी. माय पुन्हा फिरवत होती, पुन्हा फिरवत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दाराशी बाबा कधीचे ताटकळत उभे होते.

"आता सुलटी कर वं तिले," ते म्हणाले. "नातीचं तोंड त पाहू दे."